बोर्डावर बायका किती हे शोधताय? पैसे भरायच्या आधी तिमाही रिपोर्ट उघडून बघा

दीड वर्ष झालं मी या एकाच विषयात बुडालेय. लिस्टेड म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या संचालक मंडळावर (बोर्डावर) बायका किती आहेत, कोण आहेत, कधी आल्या आणि कधी गेल्या. नाशिकला कॉलेजात कॉमर्स शिकवते, पीएचडीचं काम चालू आहे, शिवाय एमकॉमच्या मुलींचे प्रोजेक्टही याच विषयावर घेते, त्यामुळे "मॅडम डेटा कुठून काढायचा" हा प्रश्न मला सारखा कोणी ना कोणी विचारतं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी दोन गोष्टी भरपूर वापरल्या. एक पैसे भरून घेतलेला डेटाबेस, त्याचं नाव लिहीत नाही. आणि दुसरी बीएसई-एनएसई या शेअर बाजारांच्या (एक्सचेंजच्या) साइटवर कुणालाही फुकट बघता येणारी कंपन्यांची फायलिंग्ज म्हणजे त्यांनी भरलेली अधिकृत माहिती, त्यातही खास करून तिमाही कॉर्पोरेट गव्हर्नन्स रिपोर्ट. पहिल्याला माझे दोन स्टार, दुसऱ्याला साडेचार. का ते सांगते.

आधी डेटाबेसचं. वर्षाचं सबस्क्रिप्शन, थोडे पैसे डिपार्टमेंटने दिले बाकीचे मी घातले. लॉग इन केलं की कंपन्यांची यादी, समोर एकूण डायरेक्टर, त्यात बायका किती आणि टक्का किती, एक बटण दाबलं की सगळं एक्सेलमध्ये उतरतं. पहिल्या दिवशी मला इतका आनंद झाला की रात्री बारापर्यंत बसून मी पहिल्या प्रकरणाचे तक्ते करून टाकले. पुढच्या आठवड्यात तेच तक्ते मुलींना दाखवत होते, तर मागच्या बाकावरून एकजण म्हणाली, "मॅडम, हे किरण म्हणजे सर आहेत. मी त्यांचा फोटो बघितलाय वार्षिक अहवालात." मी तिथल्या तिथे अहवाल उघडला, आणि खरंच, सर. आमच्या तक्त्यात ते बाई म्हणून मोजले गेले होते, आणि त्या कंपनीच्या बोर्डावर त्या वेळी दुसरी एकही बाई नव्हती, म्हणजे बोर्डावर निदान एक बाई हवी हा कायदा जी कंपनी पाळत नव्हती ती आमच्याकडे पाळणाऱ्यांच्या रांगेत बसली होती.

मग मी नावं एकेक करून तपासायला बसले. किरण, सुमन, शशी, मधू अशी नावं देशात एकीकडे बाईची तर दुसरीकडे पुरुषाची असतात, पारशी नावं वेगळीच, दक्षिणेकडच्या नावांत पुढे नुसती इनिशियल्स, आणि कोणाच्या नावाआधी डॉक्टर लागलं की नुसत्या नावावरून काहीच कळत नाही. तिथे नावावरून अंदाजाने भरलं असावं असं मला वाटतं. हेल्पलाइनवर फोन केला तर "मॅडम आमचा डेटा व्हेरिफाइड असतो, तुम्हाला काही वाटत असेल तर करेक्शनचा फॉर्म भरा". भरला. एकदा नाही, अकरा वेळा भरला. काही दुरुस्त्या झाल्या, त्यालाही दोन महिने लागले, बाकीच्यांचं काय झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही. प्रकरण पहिल्यापासून पुन्हा लिहावं लागलं. पण माझी खरी तक्रार चुकांबद्दल नाहीये, चुका दुरुस्त होतात. तक्रार ही की तिथे फक्त आकडा मिळतो, बाई दिसत नाही. एक म्हणजे एक. ती एक कोण, कुठल्या खुर्चीवर, किती दिवस, कुठल्या कमिटीत, यातलं त्या एक्सेलमध्ये काहीच नव्हतं, आणि या विषयात जे काही शोधण्यासारखं आहे ते सगळं तिथेच आहे.

आता तिमाही रिपोर्ट. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या लिस्टिंग नियमांप्रमाणे, सूट असलेल्या काही छोट्या कंपन्या सोडल्या तर, प्रत्येक लिस्टेड कंपनीने तिमाही संपली की आपल्या बोर्डाची माहिती ठरलेल्या नमुन्यात एक्सचेंजला द्यायची असते. आधी त्याला २१ दिवस मिळायचे, डिसेंबर २०२४ च्या तिमाहीपासून ते इंटिग्रेटेड म्हणजे एकत्रित फायलिंगमध्ये गेलं आणि ३० दिवस झाले. कंपनीचं नाव टाका, कॉर्पोरेट गव्हर्नन्सवर जा, तिमाही निवडा, तक्ता समोर येतो. एका ओळीत एक डायरेक्टर. सुरुवातीलाच श्री की श्रीमती, मग नाव, मग डीआयएन म्हणजे डायरेक्टरचा आठ आकडी नंबर, मग प्रकार, एक्झिक्युटिव्ह (रोजचा कारभार बघणारा) का नॉन-एक्झिक्युटिव्ह, स्वतंत्र (कंपनीशी किंवा तिच्या मालकांशी हितसंबंध नसलेला) का नॉमिनी (कोणीतरी आपल्या वतीने पाठवलेला), चेअरपर्सन आहे का, प्रमोटरशी म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांशी संबंधित आहे का. मग पहिल्यांदा नेमल्याची तारीख, पुन्हा नेमल्याची तारीख, सोडल्याची तारीख, स्वतंत्र संचालक असेल तर आतापर्यंत किती महिने झाले, जन्मतारीख, आणखी किती लिस्टेड कंपन्यांत आहे, ऑडिट आणि स्टेकहोल्डर कमिट्या किती. आडव्या ओळीत एका बाईची एवढी माहिती, तीही कंपनीने स्वतः सही करून दिलेली, कोणाच्या अंदाजाने भरलेली नाही. किरण सरांच्या ओळीत पहिल्याच रकान्यात श्री होतं, मी पैसे भरण्याआधी हे उघडलं असतं तर दोन महिने वाचले असते.

हा तक्ता कसा वाचायचा ते थोडं सविस्तर सांगते कारण इथेच सगळा अर्थ आहे. मी मुलींना सांगते, आधी नेमणुकीच्या तारखेचा रकाना वाचा. एकामागून एक पंचवीस-तीस कंपन्यांचे जुने रिपोर्ट उघडा, बाईच्या ओळीवर बोट ठेवा आणि तारीख वाचत जा. ३०-०३-२०१५, ३१-०३-२०१५, २८-०३-२०१५, पुन्हा ३१-०३-२०१५. एकदा हे डोळ्यांनी बघितलं की ते विसरता येत नाही. मागची गोष्ट अशी की कंपनी कायदा २०१३ च्या कलम १४९ मध्ये पहिल्यांदा लिहिलं गेलं की ठराविक कंपन्यांच्या बोर्डावर निदान एक तरी महिला डायरेक्टर पाहिजेच. कुठल्या कंपन्या, तर सगळ्या लिस्टेड, आणि लिस्टेड नसलेल्या पब्लिक कंपन्यांपैकी ज्यांचं भरणा झालेलं भांडवल १०० कोटी किंवा उलाढाल ३०० कोटी किंवा त्याहून जास्त आहे त्या. सेबीने लिस्टेड कंपन्यांसाठी आधी ऑक्टोबर २०१४ ची मुदत दिली, मग ती १ एप्रिल २०१५ पर्यंत वाढवली. वाढीव मुदत मिळूनही शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबलेल्या कंपन्या त्या तारखांमध्ये दिसतात. एप्रिल २०१५ मध्ये सेबीने दंडही ठरवून दिला, पहिल्या तीन महिन्यांत नेमली तर ५० हजार, त्यानंतर रोजचा वाढता, आणि ऑक्टोबरनंतर १ लाख ४२ हजार अधिक दिवसाला ५ हजार. माझी एक मैत्रीण त्या वेळी एका मध्यम कंपनीत असिस्टंट सीएस म्हणजे कंपनी सेक्रेटरी होती, ती सांगते की मार्चच्या शेवटच्या आठवड्यात साहेबांनी विचारलं ते एवढंच, घरातली कोण सही करायला येऊ शकेल. डीआयएन काढण्यापासून सुरुवात होती.

घरातली हा शब्द आलाच आहे तर पुढचा रकाना वाचा, प्रकाराचा. प्रमोटरच्या घरातली बाई असेल तर ती कधी कधी तिथे दिसते, आणि नसेल स्पष्ट लिहिलं तर शेअरहोल्डिंग पॅटर्नच्या फायलिंगमध्ये प्रमोटर ग्रुपची नावं असतात त्यात शोधा, तिथेही नसेल तर एजीएमची म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस उघडा, कारण नेमणुकीसाठी नाव येतं तेव्हा इतर डायरेक्टरांशी नातं काय ते नोटीशीत सांगावं लागतं. हे तीन कागद शेजारी शेजारी ठेवले की चित्र पूर्ण होतं. सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण रिलायन्सचं, जून २०१४ मध्ये नीता अंबानी बोर्डावर आल्या, आणि पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये अरुंधती भट्टाचार्य स्वतंत्र संचालक म्हणून आल्या. पहिली नेमणूक कायद्यात बसत होतीच, पण दोघींची ओळ वाचली तर प्रकाराच्या रकान्यात जो फरक आहे तो एका आकड्यात कधीच दिसणार नाही.

पण इथे मला मुलींना थांबवावं लागतं, कारण त्या लगेच घरातली म्हणजे नावापुरती असा शिक्का मारून मोकळ्या होतात. असं करू नका. आपल्या पुण्याची थरमॅक्स बघा. नवरा रोहिंटन आगा गेल्यावर १९९६ मध्ये अनू आगांनी कंपनी हातात घेतली, २००४ मध्ये मुलगी मेहेर पदमजी चेअरपर्सन झाल्या. म्हणजे कायद्यात महिला डायरेक्टर हा शब्द यायच्या कितीतरी आधीपासून त्या कंपनीच्या बोर्डाच्या मुख्य खुर्चीवर बाई होती, आणि घरातलीच होती. मग ती नावापुरती म्हणायची का? अजिबात नाही. म्हणून मी माझ्या कोडिंगमध्ये म्हणजे माहितीच्या वर्गवारीत घरातली हा वेगळा रकाना ठेवलाय पण त्याला चांगलं-वाईट असा गुण दिला नाहीये, ती काय काम करते त्याचे रकाने वेगळे.

घरातल्यांचा प्रश्न सेबीलाही दिसला होताच. २०१७ मध्ये उदय कोटक यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तिने सुचवलं की नुसती महिला नको, स्वतंत्र महिला संचालक हवी. त्यावरून नियम बदलले, बाजारमूल्याने पहिल्या ५०० कंपन्यांना १ एप्रिल २०१९ पासून आणि पहिल्या १००० कंपन्यांना १ एप्रिल २०२० पासून एक तरी स्वतंत्र महिला संचालक सक्तीची झाली. म्हणून मुलींनो, तुमचा तक्ता २०१८ चा आणि २०२१ चा असा दोन वर्षांचा शेजारी शेजारी लावा, आणि बेरीज करताना स्वतंत्र आणि इतर वेगळं करा. आणि १००० च्या खालच्या कंपन्या सोडू नका, खरी गंमत तिथे आहे, तिथे अजूनही नुसती महिला चालते, स्वतंत्र असायची सक्ती नाही.

तिसरा रकाना महिन्यांचा, हा तर माझा सगळ्यात आवडता. स्वतंत्र संचालकाला पाच वर्षांच्या दोन टर्म, म्हणजे सलग जास्तीत जास्त १२० महिने, मग तीन वर्षं बाहेर. जी बाई ३१ मार्च २०१५ ला स्वतंत्र संचालक म्हणून आली ती ३० मार्च २०२५ ला उतरणारच होती, हे दहा वर्षं आधीपासून सगळ्यांना माहीत होतं. तरी रिपोर्ट उघडून बघा, कुठे जायच्या दोन महिने आधीच नवी बाई येऊन बसलेली दिसते, म्हणजे त्या कंपनीने तयारी केली होती, आणि कुठे जुनीची सोडल्याची तारीख आहे पण नवीचं नाव पुढच्या तिमाहीत उगवतं. कंपनी कायद्याच्या नियमात जागा रिकामी झाली तर पुढची बोर्ड मीटिंग किंवा तीन महिने, जे नंतर येईल तोपर्यंत भरायची सवलत आहे, लिस्टेड कंपन्यांसाठी मात्र सेबीने आता हे कडक केलंय. काही कंपन्या ही सवलत जवळजवळ शेवटच्या दिवसापर्यंत वापरत आल्यात. कुठलीही कंपनी आपल्याकडे बाईंना किती महत्त्व आहे हे अहवालात पानंच्या पानं लिहू शकते, मला मात्र दोन तारखांमधलं अंतर जास्त सांगतं.

वार्षिक डेटा वापरणाऱ्यांनी इथे जपा. बहुतेक डेटाबेस आणि कंपन्यांचे शाश्वतता अहवाल ३१ मार्चचं चित्र देतात. बीआरएसआर म्हणजे जो अहवाल पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून सक्तीचा झाला, त्यात छान तयार तक्ता असतो, बोर्डावर एकूण किती, त्यात महिला किती, टक्का किती, आणि खाली केएमपी म्हणजे एमडी, सीएफओ, सीएस वगैरेंचंही तेच. झटपट काम करायचं असेल तर हा उत्तम आहे, मीही वापरते. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, एप्रिल ते फेब्रुवारी जागा रिकामी आणि मार्चमध्ये भरली तरी ३१ मार्चला सगळं ठीक दिसतं. दुसरं टक्क्याचं. दहाजणांच्या बोर्डावर एक बाई म्हणजे १० टक्के, त्यातले दोन पुरुष निवृत्त झाले आणि जागा भरल्या नाहीत की तीच एक बाई १२.५ टक्के होते. कोणी काही केलं नाही आणि टक्का वाढला. माझ्या पहिल्या मसुद्यात अशी वाढ मी प्रगती म्हणून लिहिली होती, गाइड सरांनी लाल पेनने गोल करून विचारलं, नवी बाई आली कुठे ते दाखवा. म्हणून टक्क्याच्या शेजारी कायम नुसती संख्या लिहा.

कमिट्यांकडे वळते. बोर्डात बसणं वेगळं आणि जिथे हिशोब उघडले जातात त्या टेबलावर बसणं वेगळं. ऑडिट कमिटीत आहे का, नॉमिनेशन आणि रेम्युनरेशन कमिटीत आहे का, म्हणजे पगार आणि नेमणुका ठरवणारी कमिटी, का फक्त सीएसआर म्हणजे कंपनीची सामाजिक कामं बघणाऱ्या कमिटीत. माझ्या यादीत सीएसआरवर बाईंचं नाव बघून बघून मी आता ते नाव आधीच गृहीत धरते, ऑडिटला मात्र शोधावं लागतं. सीएसआर कमी महत्त्वाचं आहे असं मी म्हणत नाही, पण कंपनीचे पैसे कुठे गेले हा प्रश्न ऑडिटच्या खोलीत विचारला जातो. त्या रिपोर्टात कमिट्यांचा वेगळा तक्ता असतो, तोही बघायचाच.

हजेरी मात्र तिमाही रिपोर्टात माणसागणिक नीट मिळत नाही, त्यासाठी वार्षिक अहवालातलं कॉर्पोरेट गव्हर्नन्सचं पान लागतं, तिथे कोण किती मीटिंगला होतं ते नावानिशी असतं. हे पान सोडू नका. रेनी अ‍ॅडम्स आणि डॅनियल फरेरा यांनी अमेरिकन कंपन्यांवर २००९ मध्ये छापलेला अभ्यास याच हजेरीवर उभा आहे, त्यांना दिसलं की बायकांची हजेरी पुरुषांपेक्षा चांगली असते, आणि बोर्डावर बायका जास्त असल्या की पुरुषांची हजेरीही सुधारते. त्याच अभ्यासात नफ्या-तोट्याच्या बाबतीत सरासरी परिणाम चांगला निघाला नाही हेही लिहायचं, आवडतं तेवढंच उचलायचं नाही. मला विचाराल तर बाईला बोर्डावर बसवण्यासाठी नफा वाढतो हे सिद्ध करायची गरजच नाही, पुरुषांकडून तो पुरावा कधी कोणी मागितला नाही. त्याच पानावर सिटिंग फी पण दिसते. नियमात स्पष्ट आहे की स्वतंत्र आणि महिला डायरेक्टरांना इतरांपेक्षा कमी सिटिंग फी देता येत नाही, आणि एका मीटिंगला जास्तीत जास्त एक लाख. हे माझ्या विद्यार्थिनींना माहीत नसतं, आणि वाचल्यावर त्या ज्या उत्साहाने तो रकाना शोधायला लागतात ते बघण्यासारखं असतं.

सरकारी कंपन्यांचं एक वेगळं प्रकरण करावं लागेल इतकं आहे, इथे थोडक्यात. तिथे डायरेक्टर कंपनी स्वतः नेमत नाही, संबंधित मंत्रालयाकडून नेमणूक होते. त्यामुळे जागा रिकामी राहिली, एक्सचेंजने दंड लावला, की कंपनीचं उत्तर ठरलेलं, नेमणूक आमच्या हातात नाही, दंड माफ करा. २०२३-२४ मध्ये सरकारी तेल आणि गॅस कंपन्यांना बोर्डाचे नियम न पाळल्याबद्दल तिमाहीमागून तिमाही दंड लागल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्यात. कायदा करणारं सरकार, आणि स्वतःच्याच कंपन्यांत जागा भरायला सरकारच उशीर करतं, याचा मला मनापासून राग येतो. खाजगी कंपनीला काय तोंडाने सांगणार?

फुकट फायलिंग्जच्या उणिवा पण सांगायला पाहिजेत, नाहीतर साडेचार स्टार का आणि पाच का नाहीत. पहिली म्हणजे एका वेळी एकच कंपनी उघडते, शंभर कंपन्यांचं काम म्हणजे शंभर वेळा तेच क्लिक, त्यात आठ-दहा वर्षांच्या तिमाह्या, गुणाकार करून बघा. एक्सबीआरएलच्या म्हणजे कॉम्प्युटरला थेट वाचता येणाऱ्या फाइल्स मिळतात, प्रोग्रामिंग येणारं कोणी सोबत असेल तर काम फार सोपं होतं, आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सच्या मुलांना मी दोन संध्याकाळी चहा पाजून ते करून घेतलं. दुसरी उणीव, जुने रिपोर्ट एकसारख्या नमुन्यात नाहीत, काही तर स्कॅन केलेल्या कागदांच्या पीडीएफ आहेत, त्यातून कॉपी होत नाही, हाताने उतरवावं लागतं. तिसरी, शिक्षण आणि अनुभव त्यात नसतो, त्यासाठी पुन्हा एजीएमची नोटीस. आणि चौथी, एकाच बाईचं नाव तीन कंपन्यांत तीन स्पेलिंगने असतं, कुठे माहेरचं आडनाव, कुठे सासरचं, कुठे दोन्ही. यावर उपाय डीआयएन. नाव काहीही असो, नंबर एकच. पहिल्या दिवसापासून डीआयएनचा रकाना ठेवा, मी सहा महिन्यांनी ठेवला आणि पस्तावले. एकच बाई किती बोर्डांवर आहे हे कळायचा तो एकमेव भरवशाचा रस्ता आहे. नॉर्वेत २००३ च्या कायद्याने ४० टक्के सक्ती झाली, २००८ पासून न पाळणारी कंपनी थेट बरखास्त होऊ शकत होती, तेव्हा मोजक्या बायका कितीतरी बोर्डांवर दिसू लागल्या आणि त्यांना गोल्डन स्कर्ट्स असं नाव पडलं. आपल्याकडे सेबीने लिस्टेड कंपन्यांसाठी जास्तीत जास्त सात अशी मर्यादा घातलीये, ती पुरुषांनाही लागू आहे. लिस्टेड नसलेल्या पब्लिक कंपन्या बघायच्या असतील तर एमसीएच्या म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर डायरेक्टरांची नावं दिसतात, मूळ कागद बघायला कंपनीमागे १०० रुपये फी आहे.

आणि एक गोष्ट कुठल्याच तक्त्यात नाही, त्यासाठी एजीएमला बसावं लागतं. आता बऱ्याच कंपन्यांची एजीएम व्हिडिओवर असते, एक शेअर असला तरी जाता येतं, आधी स्पीकर म्हणून नाव नोंदवलं तर प्रश्नही विचारता येतो. मी एका कंपनीच्या एजीएमला बसले होते. स्क्रीनवर आठ चौकोन, त्यात एक बाई. चेअरमन एकेकाची ओळख करून देत होते, हे ज्येष्ठ बँकर, हे इतकी वर्षं करसल्लागार, हे उद्योगात चाळीस वर्षं. बाईंच्या चौकोनाशी आले आणि म्हणाले, अँड अवर वुमन डायरेक्टर, आणि नाव. झालं, पुढे गेले. मी नोटीस उघडूनच बसले होते. बाई चार्टर्ड अकाउंटंट होत्या, तीस वर्षांची प्रॅक्टिस, त्या बोर्डावर हिशोब सगळ्यात जास्त कळणाऱ्या बहुतेक त्याच असतील. बाईंच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, त्यांनी फक्त नमस्कार केला. माझी पाळी आली तेव्हा ठरवलेला प्रश्न बाजूला ठेवून मी विचारलं की मॅडम सीए आहेत तर ऑडिट कमिटीत का नाहीत. उत्तर आलं, कमिटीची रचना कायद्याप्रमाणे आहे, धन्यवाद, पुढचे स्पीकर. चॅटमध्ये मात्र कोणीतरी लिहिलं, गुड क्वेश्चन. मी ते वाक्य फील्ड नोट्समध्ये तारखेसह लिहून ठेवलंय. पुढच्या तीन तिमाह्यांचे रिपोर्टही बघितले, कमिटी तीच आहे.

आमच्या वर्गात आता भिंतीवर एक कागद लावलाय, मुलींनीच केलाय. वीस कंपन्या, बाईचं डीआयएन, नेमणुकीची तारीख, आणि किती महिने झाले. त्यातल्या एका मधल्या कंपनीच्या ओळीत ११७ आहे. पुढच्या रिपोर्टात तो आकडा १२० होईल, त्यानंतर त्या बाईंना उतरावं लागणार, आणि बोर्डावर दुसरी बाई नाहीये. तारीख आम्ही लाल स्केचपेनने लिहिलीये, मुलींनी पाळ्या लावून घेतल्यात की तिमाही संपल्यावर महिनाभर रोज सकाळी कोणीतरी त्या कंपनीचं पान उघडून बघायचं, रिकाम्या ओळीत कोणाचं नाव येतं आणि प्रकाराच्या रकान्यात काय लिहिलेलं असतं.